आधी बंद करायला शिका

रेंजवर पॉइंट टू-टू रायफल हातात आली की आपण आधी काय करतो? लगेच नेम धरत नाही. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवतो, बोल्ट मागे खेचतो, चेंबर रिकामे आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि मगच पुढचा हुकूम ऐकतो. रायफल काल आपणच साफ करून ठेवलेली असली तरी यात सूट नसते. हा नियम मला तोंडपाठ होता. तो फक्त रायफलीलाच लागू आहे असा मात्र माझा समज होता. या हिवाळी सुटीत जयपूरमध्ये एका गॅसच्या भट्टीने तो समज दूर केला आणि जाताजाता माझ्या उजव्या मनगटावरचे केसही जाळले.

बाबांची बदली सध्या जयपूरला आहे. दक्षिण-पश्चिम कमांडचे मुख्यालय तिथेच असल्यामुळे जयपूरच्या लष्करी वसाहतीत मराठी घरे बरीच भेटतात. बाबांच्या ओळखीचे एक काका सातारा जिल्ह्यातले. ईएमईमधून निवृत्त झाले आणि जयपूरलाच राहिले. आयुष्यभर गाड्यांची दुरुस्ती, वेल्डिंग आणि लोहारकाम केलेला माणूस. जयपूरमध्ये रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांची कुटुंबे काम करताना दिसतात. नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि बायको उभी राहून घण मारते. १५६८ मध्ये चित्तोड पडल्यानंतर घर न बांधण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे ते सांगतात. त्यांचे काम पाहून मला एकच ध्यास लागला, की आईसाठी स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातली सुरी घडवायची. बाबा म्हणाले, "काकांना विचार. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही."

काका हो म्हणाले. त्यांच्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये एक गॅसची भट्टी जुनी विकत घेतलेली, पण बरेच दिवस न वापरलेली पडून होती. मालकाने ती वापरायची परवानगी दिली. मला वाटले, आजच पेटणार. काका भट्टीसमोर उकिडवे बसले, दोन्ही बाजूंनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "ही माझ्या ओळखीची नाही. आज पेटवायची नाही."

मी चकित झालो. ज्यांनी तीस वर्षे आगीशी काम केले त्यांना भट्टीची ओळख कशाला हवी? पण त्या दिवशी आम्ही खरोखरच काडीसुद्धा ओढली नाही. नुसते पाहिले. काय पाहिले ते सांगतो, कारण या लेखातला अर्धा भाग तोच आहे.

पहिला दिवस : पाहणी

कोळशाच्या भट्टीला भाता लागतो. आपण हात थांबवला की वारा थांबतो आणि आग हळूहळू मंदावते. गॅसच्या भट्टीचे तसे नाही. तिच्यात सिलिंडरमधून दाबाखाली गॅस येतो, बर्नरच्या नळीत हवेत मिसळतो आणि जाड अस्तर असलेल्या लोखंडी पेटीत जळतो. काही भट्ट्यांत गॅसचा झोतच बाजूची हवा आत ओढून घेतो. काहींमध्ये हवेसाठी विजेचा ब्लोअर असतो. आमची ब्लोअरची होती. आतले तापमान हजार अंशांच्या वर जाते. आपण हात थांबवला तरी गॅस येतच राहतो, हा दोन्ही भट्ट्यांमधला सर्वांत मोठा फरक आहे.

आपल्याकडचा एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. सिलिंडरमध्ये तो दाबाने द्रवरूप झालेला असतो. एक लिटर द्रव बाहेर पडला की त्याचा सुमारे २५० लिटर गॅस होतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन सुमारे दीडपट, ब्युटेन सुमारे दुप्पट. त्यामुळे गळालेला गॅस वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, गटारात, टेबलाखाली साचतो. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर–अजमेर महामार्गावर भांकरोट्याजवळ एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली. गळालेला गॅस रस्त्यावर पसरला आणि त्याने पेट घेतला, तेव्हा आसपासची कितीतरी वाहने त्यात सापडली आणि अनेकांचे प्राण गेले. जयपूरमध्ये हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून काकांनी आधी जागा पाहिली. समोरासमोरची दोन्ही शटर पूर्ण उघडता येतात का? जमिनीत खड्डा किंवा उघडे गटार आहे का? सिलिंडर भट्टीपासून निदान तीन मीटर लांब, तिच्या तोंडासमोर नव्हे तर बाजूला आणि उभाच ठेवता येतो का? सिलिंडर आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रव गॅस नळीत शिरू शकतो आणि मग ज्योत आवरत नाही.

मग सिलिंडर. तो १९ किलोचा, व्यावसायिक वापराचा होता. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरायचा नसतो. त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष लिहिलेले असते. 'अ' म्हणजे ए हे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सिलिंडरची पुढची तपासणी कधी व्हायला हवी ते त्यावरून कळते. आज घरी जाऊन आपल्या सिलिंडरवर पाहा. मी पंधरा वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

मग रेग्युलेटर. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर एकच ठरावीक कमी दाब देतो. भट्टीला दाब कमी-जास्त करता येणारा, मीटर असलेला रेग्युलेटर लागतो. एकाचे काम दुसऱ्यावर भागवायचे नाही. मग रबरी नळी. ती कुठे तडकली आहे का, भट्टीच्या गरम अंगाला टेकते का, तिच्यावरून कोणाचा पाय जाईल का?

शेवटी साबणाचे पाणी. भांड्याच्या साबणाचा दाट फेस करून काकांनी तो प्रत्येक जोडावर ब्रशने लावला. भट्टीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सिलिंडर उघडला. रेग्युलेटरपाशी काही नाही. नळीच्या भट्टीकडच्या टोकाला मात्र फेसात एक बुडबुडा फुगू लागला, वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. मग दुसरा आला. मी वाकून वास घेतला, पण काही कळले नाही. वर्कशॉपमध्ये रंगाचा आणि तेलाचाच वास भरून राहिला होता. गॅसला मुळात स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. तरीही नाकावर सगळा भरवसा ठेवायचा नसतो. काकांनी सिलिंडर बंद केला आणि म्हणाले, "आता कळलं, आज का पेटवायची नव्हती?"

दुसऱ्या दिवशी नवी नळी आणि नव्या क्लिप बसल्या. पुन्हा साबण लावला. बुडबुडा आला नाही.

दुसरा दिवस : माझी चूक

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. काका सांडशी आणायला पलीकडे गेले होते. भट्टी तपासलेली होती, गळती नव्हती. मला वाटले, ते येईपर्यंत पेटवून ठेवू. मी गॅस थोडा उघडला आणि लांब लायटर भट्टीच्या तोंडाशी नेऊन दाबला. ठिणगी पडली नाही. पुन्हा दाबला. नाही. तिसऱ्यांदा पडली.

'भप्प' असा आवाज झाला आणि भट्टीच्या तोंडातून हातभर लांब ज्वाळा बाहेर आली. काकांनी आदल्या दिवशी एक गोष्ट चार वेळा सांगितली होती, की भट्टीच्या तोंडासमोर कधी उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. ती तेवढी मी पाळली होती, म्हणून चेहरा वाचला. मनगटावरचे केस मात्र जळून गेले आणि तो जळका वास दोन दिवस माझ्या नाकातून गेला नाही.

काय झाले होते ते नंतर समजले. मी लायटर दाबत होतो तेवढ्या वेळात गॅस पेटीत साचत होता. हवेत एलपीजीचे प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्के झाले की ते मिश्रण एका ठिणगीत पेटते. म्हणजे फार थोडा गॅस पुरतो. पहिल्या वेळी पेटली नाही तेव्हाच मी गॅस बंद करायला हवा होता. मग ब्लोअर चालवून पेटी मोकळी करायची, काही मिनिटे थांबायचे आणि नव्याने सुरुवात करायची. पुन्हा पुन्हा लायटर दाबणे ही धडपड नव्हती. तो निव्वळ उतावीळपणा होता.

त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. ज्वाळा बाहेर आल्यावर मी दोन पावले मागे सरलो आणि नुसता पाहत उभा राहिलो. गॅस चालूच होता. व्हॉल्व्ह कुठे आहे हे मला माहीत होते, पण हात तिकडे गेला नाही. काकांनी धावत येऊन तो बंद केला.

ते रागावले नाहीत. त्यांनी मला घरी पाठवले. संध्याकाळी मी बाबांना सगळे स्वतःहून सांगितले. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, "रेंजवर असं केलं असतंस तर?" उत्तर मला माहीत होते. रेंजवरून मला कायमचे बाहेर काढले असते, आणि ते योग्यच झाले असते.

तिसरा दिवस : बंद करण्याची ड्रिल

काकांनी मला पुन्हा बोलावले, हे त्यांचे मोठेपण. पण त्या दिवशी सकाळभर भट्टी थंडच होती. गॅसच्या वाटेवर दोन जागा होत्या. हाताच्या अंतरावर चाव्याच्या आकाराच्या दांड्याचा व्हॉल्व्ह, जो पाव फेरीत बंद होतो. दांडा नळीला आडवा आला की बंद, नळीच्या रेषेत असला की चालू. दुसरी जागा सिलिंडरची. काका टाळी वाजवायचे आणि मी जिथे असेन तिथून येऊन व्हॉल्व्ह आडवा करायचा, मग सिलिंडर बंद करायचा. आधी उघड्या डोळ्यांनी, मग पाठ करून, मग डोळे मिटून, मग हातमोजे घालून. वीस वेळा तरी केले असेल.

"पेटवता कुणालाही येतं," काका म्हणाले. "आधी बंद करायला शिक. हाताला शिकव, डोक्याला नको. घाबरल्यावर डोकं चालत नाही."

त्यांनीच मला सीतापुऱ्याची गोष्ट सांगितली. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरच्या सीतापुरा भागातील इंधनाच्या डेपोत पेट्रोल नळातून पाठवण्याची तयारी चालू असताना गळती सुरू झाली. पेट्रोलच्या वाफेने तिथले कर्मचारीच गुदमरले. बाहेर राहून तो प्रवाह थांबवण्याची सोय वेळेवर कामी आली नाही. तासाहून अधिक काळ वाफ पसरत राहिली आणि मग स्फोट झाला. काही किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या आणि टाक्या कित्येक दिवस जळत होत्या. एवढ्या मोठ्या आगीत आणि आमच्या छोट्या भट्टीत प्रश्न एकच होता. गळती सुरू झाल्यावर बंद कोण करणार, आणि तिथवर हात पोचणार का?

दुपारी काका समोर उभे असताना मी भट्टी पेटवली. क्रम असा होता. दोन्ही शटर पूर्ण उघडी. भट्टीच्या आत आणि आसपास काही पेटण्याजोगे नाही. ब्लोअर अगदी मंद चालू. मग पेटीत आधी पेटता बोळा, आणि त्यानंतर गॅस, तोही हळूहळू. आधी आग, मग गॅस. मी आदल्या दिवशी नेमके उलट केले होते. ज्योत धरल्यावर हवा आणि गॅस थोडे थोडे वाढवत न्यायचे. आवाज एकसारखा घोंघावणारा हवा. फटफट आवाज आला किंवा ज्योत बर्नरच्या नळीत मागे सरकली तर लगेच गॅस बंद.

काम संपल्यावर आधी सिलिंडर बंद करायचा, नळीत राहिलेला गॅस जळून जाऊ द्यायचा, ज्योत गेली की व्हॉल्व्ह आडवा करायचा आणि बर्नर थंड होईपर्यंत ब्लोअर चालू ठेवायचा.

थंडी आणि न दिसणारा धोका

जयपूरला डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते. शटर उघडी ठेवून उभे राहिले की दात वाजतात. एकदा मी म्हणालो, "काका, एक शटर अर्धं ओढून घेऊ का?" ते ठाम नाही म्हणाले. हवा कमी पडली की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते आणि माणसाला वाटते की थकलो असेन. बंद खोलीत शेकोटी पेटवून झोपणारी माणसे याच वायूने दगावतात. म्हणून भट्टीजवळ डोके जड वाटले तर आधी गॅस बंद करून उघड्यावर जायचे.

थंडीचा दुसरा परिणाम सिलिंडरवर दिसतो. द्रवाचा गॅस होताना सिलिंडर स्वतःच थंड पडतो, त्यावर दव किंवा बर्फ धरतो आणि दाब उतरतो. अशा वेळी त्याला आग, हीटर किंवा उकळते पाणी लावायचे नाही. थांबायचे.

कपड्यांबद्दल कॅडेट मित्रांनो, खास लक्ष द्या. आपला पीटीचा ट्रॅकसूट भट्टीवर चालत नाही. तो कृत्रिम धाग्याचा असतो, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतो. सुती कपडे, पूर्ण पँट बुटांच्या वर, चामड्याचे बूट आणि डोळ्यांवर सुरक्षा चष्मा. ओला हातमोजा कधीही वापरू नये. गरम लोखंड धरताच त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि हात भाजतो. भट्टीचे आतले पांढरे, कापसासारखे अस्तर हाताने उकरायचे नाही, कारण त्याचे बारीक तंतू श्वासातून छातीत जातात. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड भट्टीत घालायचे नाही, त्याचा धूर विषारी असतो.

आणि एक. लालभडक लोखंडाला कोणी हात लावत नाही. फसवते ते काळे पडलेले लोखंड. लाली गेल्यावरही ते चारशे अंशांवर असू शकते. म्हणून खाली पडलेला तुकडा उचलण्याआधी तळहात नव्हे, हाताची मागची बाजू त्याच्याजवळ नेऊन ऊब पाहायची.

चौथा दिवस : वीज गेली

जुन्या जीपच्या कमानपाट्याचा तुकडा नारिंगी झाला होता आणि मी ऐरणीवर त्याला टोक काढत होतो. एकाएकी ब्लोअरचा आवाज बंद झाला. वीज गेली होती. हवा थांबली, पण गॅस येतच होता. भट्टीच्या तोंडातून पिवळी, धुरकट ज्वाळा बाहेर लोंबू लागली.

या वेळी मी पाहत उभा राहिलो नाही. हातातली सांडशी ऐरणीवर कधी ठेवली हेही मला आठवत नाही. व्हॉल्व्ह आडवा झाला, सिलिंडर बंद झाला, आणि वळून पाहतो तो काका दोन पावलांवर उभे. ते निघाले होते, पण त्यांना यावे लागले नाही. ते फक्त म्हणाले, "हं. आता चहा पिऊ."

सुरी नंतर दोन दिवसांत पूर्ण झाली. पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते ते साधारण ७७० अंशांना. त्याहून थोडे तापवून ते तेलात बुडवायचे. तेल लोखंडी डब्यात, डब्याला लोखंडी झाकण, आणि तेल पेटलेच तर झाकण घालायचे, पाणी कधीच ओतायचे नाही. ते काम काकांनी मला करू दिले नाही, मी फक्त झाकण घेऊन उभा होतो. मला त्याचे वाईट वाटले नाही. सुरी आईच्या स्वयंपाकघरात आहे आणि तिने भोपळा चांगला चिरला जातो. ती शाळेत आणलेली नाही, हे उस्तादांच्या माहितीसाठी.

पालकांना माझी विनंती आहे, की मुलांनी असे काही करायचे म्हटले तर एकदम नाही म्हणू नका, पण जाणकार माणूस शेजारी उभा असल्याशिवाय हो म्हणू नका. आणि मित्रांनो, अनोळखी भट्टीपुढे, किंवा कोणत्याही अनोळखी यंत्रापुढे उभे राहिलात तर स्वतःला हे विचारा :

१. हे बंद कुठून होते, आणि डोळे मिटून माझा हात तिथे पोचतो का?
२. गॅस गळला तर तो कुठे साचेल?
३. प्रत्येक जोडाला आज साबणाचे पाणी लावले का?
४. दोन्ही बाजूंनी हवा येते का?
५. वीज गेली किंवा ज्योत विझली तर पहिले काम कोणते?
६. माझ्याजवळ जाणकार मोठे माणूस आहे का?

यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर भट्टी पेटवायची नाही. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबायचे नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. सिलिंडर बंद करता आला तर करायचा, दारे उघडायची, बाहेर पडायचे आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करायचा.

घाटात रस्त्याच्या कडेला पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. ती मी लहानपणापासून वाचत आलो. आता मनगटावर नवे केस उगवले आहेत. तरी लायटर हातात घेतला की माझी नजर आधी व्हॉल्व्हकडे जाते. परवा मेसमध्ये गॅसची शेगडी पेटवताना आचारी मामांना मी विचारले, "मामा, हा मुख्य कॉक कुठे आहे?" ते हसले, पण त्यांनी दाखवला.